वाचकांचे प्रश्न : जी-२० चे 'शेर्पा' कोण आणि हे नाव त्यांना कसे मिळाले?

प्रश्न : जी-२० परिषदेच्या बातम्यांमध्ये 'भारताचे शेर्पा' असा उल्लेख वारंवार वाचनात येतो. आजवर शेर्पा म्हटले की एव्हरेस्ट आणि तेनसिंग एवढेच आठवत असे. देशादेशांतील वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्यांना हे नाव का पडले असावे? 'शेर' म्हणजे वाघ, या शब्दाशी त्याचा काही संबंध आहे काय?

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर थोडक्यात देता येते, म्हणून ते आधी देतो. फारसीतून आपल्याकडे आलेल्या 'शेर' या शब्दाशी शेर्पा शब्दाचा कोणताही संबंध नाही. शेर्पा हा तिबेटी वळणाचा शब्द आहे. त्यातील 'शर' म्हणजे पूर्व दिशा आणि 'पा' म्हणजे तिथला रहिवासी. आपण गावाच्या नावापुढे 'कर' लावून माणसाचे मूळ ठिकाण सांगतो, त्याच धर्तीचा हा 'पा' आहे. खाम प्रांतातील ते खाम्पा, तसे पूर्वेकडील ते शेर्पा. वाघाचा गैरसमज व्हायला आणखी एक निमित्त घडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिमालयन क्लब अतिउंचावर उत्तम कामगिरी करणाऱ्या शेर्पांना 'टायगर' नावाचे पदक देत असे. त्यामुळे शेर्पा आणि वाघ ही जोडी गिर्यारोहणाच्या साहित्यात अनेकदा एकत्र दिसते. ती केवळ योगायोगाने जमलेली आहे.

शेर्पा हे मुळात एका समाजाचे नाव आहे, व्यवसायाचे नव्हे, आणि पुढची सगळी हकीकत या भेदावर उभी असल्यामुळे तो आधीच ध्यानात घ्यायला हवा. अभ्यासकांच्या सर्वसाधारण मतानुसार पूर्व तिबेटातील खाम प्रदेशातून निघालेली काही कुळे सुमारे पाचशे वर्षांपूर्वी हिमालयाची मुख्य रांग ओलांडून आजच्या नेपाळमधील सोलुखुंबू भागात स्थिरावली. ज्या दिशेहून ती आली, ती दिशा त्यांच्या नावात राहिली. जव, पुढे एकोणिसाव्या शतकात आलेला बटाटा, याकचे कळप आणि ५,७०० मीटरहून उंच असलेल्या नांगपा ला खिंडीतून तिबेटशी चालणारा मीठ-धान्याचा व्यापार, यांवर त्यांचा चरितार्थ चाले. शिखरे चढणे हा त्यांच्या परंपरेचा भाग अजिबात नव्हता. उंच शिखरे ही देवदेवतांची वसतिस्थाने मानली जात आणि त्यांच्यावर पाय ठेवू नये अशीच धारणा होती. खुंबू खोऱ्याची रक्षक देवता मानले जाणारे खुंबिला शिखर याच श्रद्धेमुळे चढाईपासून अलिप्त ठेवण्यात आले आहे. जगाच्या नजरेत 'जन्मजात गिर्यारोहक' ठरलेल्या या समाजाने शिखरे चढायला सुरुवात केली ती विसाव्या शतकात, आणि तीही परक्यांनी मोबदला देऊ केला म्हणून.

हा बदल दार्जिलिंगमध्ये घडला. रोजगारासाठी अनेक शेर्पा तिथे येऊन राहिले होते. अलेक्झांडर केलास या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने सिक्कीममधील आपल्या मोहिमांत त्यांना बरोबर नेले आणि विरळ हवेत काम करण्याची त्यांची क्षमता इतरांच्या नजरेस आणून दिली. नेपाळ तेव्हा परदेशी गिर्यारोहकांना बंद होता, त्यामुळे १९२१ पासूनच्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमा दार्जिलिंगहून तिबेटमार्गे जात आणि मनुष्यबळही तिथेच जमवीत. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, एव्हरेस्टच्या उत्तरेकडील नॉर्थ कोल या खिंडीच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात सात भारवाहकांचा मृत्यू झाला. एव्हरेस्टवरील मृत्यूंच्या यादीची सुरुवात अशी या लोकांपासून होते. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी शिखरावर पोहोचले आणि शेर्पा हे नाव घराघरांत गेले. मात्र तोवर युरोपीय भाषांमध्ये त्याचा अर्थ सरकू लागला होता. एका समाजाचे नाव हळूहळू 'पर्वतावर साथ देणारा जाणकार साहाय्यक' या अर्थाचे सामान्यनाम होत होते.

आता दुसरा धागा, 'शिखर परिषद' या शब्दाचा. सर्वोच्च नेत्यांच्या भेटीला शिखराची उपमा रूढ करण्याचे श्रेय सहसा विन्स्टन चर्चिल यांना दिले जाते. १४ फेब्रुवारी १९५० रोजी एडिंबरा येथील निवडणूक प्रचाराच्या भाषणात त्यांनी सोव्हिएत नेत्यांशी 'शिखरावर बोलणी' करण्याची कल्पना मांडली. त्यानंतर तीनच वर्षांनी एव्हरेस्टवर यशस्वी चढाई झाली आणि १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि फ्रान्स यांचे नेते एकत्र बसले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या बैठकीला सर्रास शिखराचे नाव दिले. मराठीने हीच प्रतिमा 'शिखर परिषद' अशी उचलली आणि ती इतकी मुरली की तिच्यात डोंगर आहे हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. नेत्यांची भेट हे शिखर असेल, तर त्यांना तिथवर नेणाऱ्याला शेर्पा म्हणायचे, ही कोटी मग फार दूर राहिली नाही.

ती कोटी ज्या प्रसंगामुळे रुजली, तो प्रसंग १९७५ सालचा आहे. अमेरिकेने १९७१ मध्ये डॉलर आणि सोने यांची सांगड तोडली होती. १९७३ च्या तेलसंकटाने इंधनाचे भाव काही महिन्यांत चौपटीच्या घरात नेले होते. चलनांचे दर आणि महागाई कोणाच्याच आटोक्यात नव्हती. फ्रान्सचे अध्यक्ष व्हॅलेरी जिस्कार देस्तँ आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट हे दोघेही पूर्वी अर्थमंत्री होते, आणि आपापल्या देशांतील नोकरशाहीच्या जाडजूड टिपणांवर दोघांचाही फारसा विश्वास नव्हता. मोजक्या नेत्यांनी कोणताही लवाजमा न घेता एका दालनात बसून मोकळेपणाने बोलावे, ही त्यांची कल्पना. त्यानुसार १५ ते १७ नोव्हेंबर १९७५ या काळात पॅरिसजवळील रांबुइये येथील राजवाड्यात फ्रान्स, पश्चिम जर्मनी, अमेरिका, ब्रिटन, इटली आणि जपान या सहा देशांचे नेते भेटले. पुढच्या वर्षी कॅनडा आला आणि जी-७ गट तयार झाला.

नोकरशाही बाहेर ठेवायची म्हटले, तरी विषय कोणी ठरवायचे आणि कशावर एकमत होऊ शकेल याचा अंदाज कोणी घ्यायचा, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी प्रत्येक नेत्याने आपला एक विश्वासू माणूस नेमला. अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी जॉर्ज शुल्ट्झ यांना पाठवले, जे तेव्हा सरकारात नव्हतेच. फ्रान्सकडून रेमों बार हे अर्थतज्ज्ञ होते, जे पुढच्याच वर्षी पंतप्रधान झाले. या मंडळींचे अधिकृत नाव 'वैयक्तिक प्रतिनिधी' असे होते. ते नाव अचूक असले तरी कोरडे होते, आणि कोरडी नावे वार्ताहरांच्या लेखणीला फार काळ टिकत नाहीत. पुढच्या काही वर्षांत, परिषदा दरवर्षी भरू लागल्यावर, या प्रतिनिधींसाठी शेर्पा हा शब्द आधी थट्टेने आणि मग सवयीने वापरला जाऊ लागला. आज जी-२० च्या कागदपत्रांतच 'शेर्पा ट्रॅक' हे अधिकृत शीर्षक असते. एखादी कोटी सरकारी दप्तरात दाखल होऊन बसावी, अशी उदाहरणे फार नसतील.

प्रश्न : प्रत्येक देशाचे राजदूत असतात, परराष्ट्र मंत्रालय असते, अर्थमंत्रालय असते. मग परिषदेसाठी वेगळा शेर्पा कशाला लागतो? तो नेमके करतो तरी काय?

उत्तर : राजदूत हा देशाचा प्रतिनिधी असतो. तो यजमान देशाच्या प्रमुखाला आपले अधिकारपत्र सादर करतो आणि १९६१ च्या व्हिएन्ना कराराने त्याचे हक्क व संरक्षण ठरवून दिलेले आहे. शेर्पाला यातले काहीच नसते. तो देशाचा नव्हे, तर त्या देशाच्या नेत्याचा माणूस असतो. त्याचे वजन एकाच गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे आपल्या नेत्याला काय चालेल आणि काय मुळीच चालणार नाही हे त्याला विचारल्याशिवाय ठाऊक असणे, आणि गरज पडली तर त्याला थेट विचारता येणे. समोरच्या शेर्पाला हे वजन लगेच कळते. ज्याचा नेता त्याचे ऐकत नाही, अशा शेर्पाशी रात्रभर घासाघीस करण्यात कोणी वेळ घालवत नाही.

म्हणूनच या पदावर कोणत्या खात्याचा माणूस यावा याचा ठरावीक नियम नाही. ब्रिटनमध्ये सुरुवातीला मंत्रिमंडळ सचिवाने हे काम केले. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा मितराँ यांचे निकटवर्ती सल्लागार जाक अताली हे वर्षानुवर्षे शेर्पा होते. जर्मनीचे हेल्मुट कोल यांचे शेर्पा अर्थखात्यातील होर्स्ट क्योलर होते. ते पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख आणि नंतर जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले. भारताकडे पाहिले तरी हीच विविधता दिसते. मनमोहन सिंग यांच्या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालिया यांनी ही जबाबदारी सांभाळली. त्यानंतर सुरेश प्रभू, अरविंद पानगढिया, शक्तिकांत दास, पुन्हा प्रभू, मग पीयूष गोयल आणि जुलै २०२२ ते जून २०२५ या काळात अमिताभ कांत अशी राजकारणी, अर्थतज्ज्ञ आणि सनदी अधिकारी यांची सरमिसळ झालेली दिसते.

जी-२० चा विस्तार जी-७ पेक्षा बराच मोठा आहे. १९९९ मध्ये अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर यांचा मंच म्हणून तो सुरू झाला आणि जागतिक आर्थिक संकटानंतर, नोव्हेंबर २००८ मध्ये वॉशिंग्टन येथे, प्रथमच राष्ट्रप्रमुखांच्या पातळीवर भरला. तेव्हापासून त्याचे काम दोन वाटांनी चालते. पैशाशी थेट संबंध असलेले विषय, म्हणजे कररचना, कर्जे, बँका, चलन, हे वित्त ट्रॅकमध्ये अर्थमंत्र्यांकडे राहतात. शेती, आरोग्य, शिक्षण, ऊर्जा, हवामान, व्यापार, भ्रष्टाचार असे उरलेले बहुतेक सारे शेर्पा ट्रॅकमध्ये येते. भारताच्या अध्यक्षपदाच्या वर्षात या ट्रॅकखाली १३ कार्यगट होते. या गटाला कायमस्वरूपी सचिवालय नाही, कोणताही करार त्यामागे नाही आणि मतदानही नाही. एका जरी सदस्याने मान हलवली नाही, तरी वाक्य गळते. अशा ठिकाणी आधीच्या वर्षी कोण कोणत्या शब्दावर अडले होते हे लक्षात ठेवणारी माणसे म्हणजे शेर्पा आणि त्यांच्या हाताखालचे अधिकारी.

प्रत्यक्ष काम कसे चालते हे पाहण्यासाठी मसुद्याकडे जावे लागते. यजमान देशाचा शेर्पा परिषदेच्या जाहीरनाम्याचा पहिला खर्डा फिरवतो. त्याला सहसा 'शून्य मसुदा' म्हटले जाते. प्रत्येक देश त्यात आपल्या दुरुस्त्या सुचवतो आणि ज्या शब्दावर सहमती नाही तो चौकोनी कंसात जातो. काही आठवड्यांत कागदावर मजकूर कमी आणि कंस जास्त दिसू लागतात. शेर्पांच्या बैठकी म्हणजे बव्हंशी हे कंस उठवण्याची झटापट. एखाद्या देशाला 'करू' हे क्रियापद जड वाटते आणि 'करण्याचा प्रयत्न करू' हे चालते. दुसऱ्याला नेमके उलटे हवे असते. एक कंस काढण्याच्या बदल्यात दुसऱ्या परिच्छेदातील कंस सोडून देण्याचा सौदा होतो. बाहेरून हे शब्दांचे खेळ वाटतात, पण ज्या परिषदेच्या निर्णयामागे न्यायालय नाही आणि दंडही नाही, तिच्यात शब्द हीच बांधिलकी असते.

भारताच्या अध्यक्षपदाच्या वर्षातील एक परिच्छेद या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये इंडोनेशियातील बाली येथे झालेल्या जाहीरनाम्यात 'बहुतेक सदस्यांनी युक्रेनमधील युद्धाचा तीव्र निषेध केला' असे वाक्य होते. 'बहुतेक' या एका शब्दावर तेव्हा भागले. पण त्यानंतरच्या महिन्यांत रशिया आणि चीन त्या मजकुरालाही तयार होईनात. परिणामी भारतात झालेल्या अर्थमंत्री आणि परराष्ट्रमंत्री यांच्या बैठकांतून संयुक्त निवेदन निघाले नाही. अध्यक्षांचा सारांश तेवढा प्रसिद्ध झाला. उदयपूर, कुमारकोम आणि हंपी येथे शेर्पांच्या बैठका झाल्या, इतर विषय पुढे सरकले, परंतु हा परिच्छेद जागचा हलेना. नेत्यांची परिषद ९ आणि १० सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत होती आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हरियाणात शेर्पा पुन्हा बसले, तेव्हाही ती जागा रिकामीच होती.

अखेर ९ तारखेला दुपारी सहमती जाहीर झाली. त्यानंतर अमिताभ कांत यांनी समाजमाध्यमावर सांगितलेला हिशेब असा होता : २०० तासांहून अधिक वाटाघाटी, ३०० द्विपक्षीय बैठका आणि १५ मसुदे. इंडोनेशिया, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी भारताच्या जोडीने जोर लावला होता. अंतिम मजकुरात निषेधाचे वाक्य नव्हते. कोणत्याही देशाने भूभाग मिळवण्यासाठी बळाचा वापर करू नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला धरून असलेले तत्त्व नाव न घेता मांडलेले होते आणि युद्धाचा उल्लेख 'युक्रेनमधील युद्ध' असा होता. युक्रेनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याने तोच परिच्छेद लाल दुरुस्त्या करून प्रसिद्ध केला आणि तिथे 'युक्रेनविरुद्धचे युद्ध' असे लिहिले. 'मधील' आणि 'विरुद्धचे' या दोन रूपांतील अंतर केवढे आहे, हे त्या लाल शाईने दाखवले. युक्रेनची नाराजी रास्त होती असे मला वाटते. त्याचबरोबर, तो शब्द सोडल्याशिवाय ८३ परिच्छेदांचा जाहीरनामा निघाला नसता, हेही तितकेच खरे आहे. शेर्पाचे कौशल्य अशा ठिकाणी कसाला लागते, आणि त्याच्यावर टीका होते तीही अशाच ठिकाणी.

शेर्पाचे काम रांबुइयेपासून असेच आहे, याचा एक जुना दाखला देऊन हे उत्तर संपवतो. त्या पहिल्या परिषदेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय चलनांच्या विनिमय दरांबाबत होता. फ्रान्सला दर स्थिर हवे होते, तर अमेरिकेला ते बाजारावर सोडायचे होते. हा वाद नेत्यांनी राजवाड्यात बसून सोडवला, असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात अमेरिकी अर्थखात्याचे एडविन यो आणि फ्रेंच अर्थखात्याचे जाक द लारोझिएर यांनी आधीच त्यावर तडजोडीचा मसुदा तयार करून ठेवला होता. नेत्यांनी तो उचलून धरला आणि जानेवारी १९७६ मध्ये जमैकातील बैठकीत नाणेनिधीच्या नियमांत तो बदल मान्य झाला. नेते एकांतात मोकळेपणाने बोलतील ही जिस्कार आणि श्मिट यांची कल्पना, म्हणजे, पहिल्याच वर्षी दुसऱ्यांच्या तयारीवर उभी राहिली.

प्रश्न : एका समाजाचे नाव असे अधिकाऱ्यांसाठी वापरणे त्या समाजाला कमीपणा आणणारे नाही काय? शेवटी शेर्पा म्हणजे ओझे वाहणारा असाच अर्थ त्यातून निघतो.

उत्तर : या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील. उपमा चुकीची आहे काय, हा एक. आणि ती वापरणे योग्य आहे काय, हा दुसरा.

ओझे वाहणारा हा अर्थ धरला तर उपमा दोन्ही बाजूंनी फसते. परिषदेचा शेर्पा नेत्याच्या बॅगा उचलत नाही, आणि पर्वतावरचा शेर्पाही केवळ ओझी उचलत नाही. एव्हरेस्टच्या नेपाळकडील वाटेवर खुंबू हिमप्रपात लागतो. हिमनदी तिथे तुटत, सरकत खाली येते आणि तिच्या भेगा दर हंगामात नव्या ठिकाणी उघडतात. परदेशी गिर्यारोहक तळावर स्थिरस्थावर होण्याच्या सुमारास 'आइसफॉल डॉक्टर' म्हणून ओळखली जाणारी स्थानिकांची एक तुकडी या भागात शिरते, भेगांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या बांधते आणि दोर लावते. वाट सरकली की ती पुन्हा बांधते. त्यापुढे शिखरापर्यंतचे दोरही प्रामुख्याने शेर्पाच लावतात. पाहुणा चढतो तो आधीच आखलेल्या वाटेवर. परिषदेचा शेर्पा करतो ते काम हे आहे : कुठे भेग आहे ते आधी जाऊन पाहणे, तिच्यावर ओलांडण्याजोगे काहीतरी बांधणे आणि मग नेत्याला बोलावणे. भारवाहकाऐवजी वाटाड्या हा अर्थ घेतला, तर कोटी करणाऱ्यांना दाद द्यावीशी वाटते. शिवाय तळाच्या खालपर्यंत सामान वाहून आणणाऱ्यांत राई, तामांग, मगर अशा इतर समाजांचे लोक मोठ्या संख्येने असतात. त्या सगळ्यांना सरसकट शेर्पा म्हणणे ही बाहेरच्यांची सवय आहे.

योग्यतेचा प्रश्न याहून अवघड आहे. अधिकाऱ्यांच्या बाबतीत हा शब्द तुच्छतेने वापरला जात नाही, उलट तो मानाचा मानला जातो, आणि त्या पदावर नेमणूक झाली की बातमी होते. पण एक विसंगती मला खटकते. परिषदेतील शेर्पा चुकला तर जाहीरनामा अडतो किंवा फार तर पद जाते. १८ एप्रिल २०१४ रोजी सकाळी खुंबू हिमप्रपातात बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि वाटेवर काम करणारे १६ नेपाळी मृत्युमुखी पडले, त्यांतील बहुतेक शेर्पा होते. सरकारने सुरुवातीला मृतांच्या कुटुंबांसाठी ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ४०० अमेरिकी डॉलर. संताप इतका उसळला की शेर्पांनी काम थांबवले आणि त्या बाजूचा चढाईचा हंगाम जवळजवळ संपला. ज्यांच्या नावाचा शब्द जगातील सर्वांत मोठ्या वातानुकूलित दालनांत वापरला जातो, त्यांच्या विम्याची रक्कम किती असावी यासाठी त्यांना पर्वतावर संप करावा लागला.

समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. नेपाळमध्ये शेर्पांची लोकसंख्या एक लाखाच्या वर आहे. त्यांची स्वतःची भाषा आहे, तेंगबोचेसारखे मठ आहेत, आणि शेर्पा हे त्यांच्यापैकी अनेकांचे आडनावही आहे. त्यांत वैमानिक आहेत, डॉक्टर आहेत, हॉटेलमालक आहेत, आणि कधीही शिखर न चढलेले असंख्य लोक आहेत. कामी रिता शेर्पा यांनी तीसहून अधिक वेळा एव्हरेस्ट सर केले हे जितके खरे, तितकेच हेही खरे की प्रत्येक शेर्पा कामी रिता नसतो. शब्दाचा लाक्षणिक वापर थांबवता येणार नाही, आणि माझ्या मते थांबवण्याची गरजही नाही. मात्र लिहिणाऱ्याने मूळ अर्थ जिवंत ठेवावा. 'एव्हरेस्टवर दोन गिर्यारोहक आणि तीन शेर्पा पोहोचले' अशी वाक्ये वृत्तपत्रांत अजूनही छापली जातात. त्यांतले तीन शेर्पाही गिर्यारोहकच होते, आणि बहुधा आधी पोहोचले होते.

प्रश्न : शेर्पा हा शब्द फक्त जी-७ आणि जी-२० पुरताच आहे काय? 'सू-शेर्पा' असाही एक शब्द वाचला, तो काय आहे? आणि मराठीत शेर्पा लिहावे की शेरपा?

उत्तर : आता तो त्या दोन गटांपुरता राहिलेला नाही. ब्रिक्स देशांचेही शेर्पा असतात. अणुसुरक्षेवर २०१० ते २०१६ या काळात वॉशिंग्टन, सोल, हेग आणि पुन्हा वॉशिंग्टन येथे झालेल्या परिषदांची तयारी करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही हेच नाव होते. युरोपीय संघाच्या नेत्यांचे सल्लागारही या नावाने ओळखले जातात. नेत्यांची नियतकालिक परिषद आणि तिच्यासाठी नेत्याने नेमलेला विश्वासू प्रतिनिधी, एवढ्या दोन गोष्टी असल्या की हा शब्द लागू होतो. एखाद्या करारावर खात्यामार्फत बोलणी करणाऱ्या सर्वसाधारण अधिकाऱ्याला मात्र शेर्पा म्हणू नये. तो वाटाघाटी करणारा प्रतिनिधी किंवा मुख्य वार्ताकार.

'सू' हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ खालचा किंवा दुय्यम असा होतो. जी-७ च्या परंपरेत शेर्पाच्या मदतीला परराष्ट्र व्यवहार आणि अर्थ या दोन बाजू पाहणारे सू-शेर्पा असत. तिबेटी नावाला फ्रेंच उपसर्ग लागून झालेला हा शब्द मराठीत तसाच ठेवण्याचे कारण नाही. आपल्याकडे 'उप' हा उपसर्ग सर्वांच्या ओळखीचा आहे, तेव्हा उपशेर्पा म्हणावे.

लेखनाबाबत सांगायचे तर मराठीत शेर्पा आणि शेरपा ही दोन्ही रूपे छापलेली आढळतात. हिंदीत दुसरे रूप अधिक आहे आणि भाषांतरित बातम्यांतून तेच आपल्याकडे येते. मराठी उच्चाराला शेर्पा जवळचे आहे आणि तेनसिंगच्या काळापासून मराठी वाचकाला तेच परिचित आहे, म्हणून मी ते पसंत करतो. शब्द आकारान्त असला तरी 'घोडा, घोडे' याप्रमाणे तो बदलत नाही. एक शेर्पा, अनेक शेर्पा, आणि विभक्ती लागताना शेर्पाने, शेर्पांनी असेच रूप होते. स्त्रियांसाठीही वेगळे रूप करू नये. कॅनडाच्या अर्थतज्ज्ञ सिल्व्हिया ओस्ट्री यांनी १९८० च्या दशकात हे काम केले, तेव्हा 'त्या कॅनडाच्या शेर्पा होत्या' असे लिहिणे बरोबर.